जुन्या चामडी होल्स्टरवर मायक्रोक्रिस्टलाइन वॅक्स: उन्हाळा आणि पावसाळा पार केल्यानंतरचा अनुभव

आजोबांचं रिव्हॉल्व्हर कधीच जमा झालं. घरात उरलं ते त्याचं चामड्याचं होल्स्टर, आत पुसट १९४२ चा शिक्का. एवढी वर्षं घरातले सगळे त्याला खोबरेल चोळायचे. थंडी पडली की त्यावर पांढरी साय धरायची आणि सगळ्यांना वाटायचं बुरशी आली. हेअर ड्रायरची कोमट हवा दिली की ती विरघळून जाते, म्हणजे ती चरबी असते. बुरशी अशी विरघळत नाही.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला रेनेसाँस वॅक्सचा डबा मागवला. ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत तयार झालेलं हे मायक्रोक्रिस्टलाइन, म्हणजे पेट्रोलियमपासून काढलेलं अतिसूक्ष्म स्फटिकांचं मेण. डबा छोटा आणि महाग, पण एका वेळी बोटाच्या टोकावर मावेल एवढंच लागतं. स्पिरिटचा वास येतो, त्यामुळे खिडकी उघडी ठेवून लावायचं. सुती फडक्यानं अगदी पातळ थर द्यायचा, थोड्या वेळानं घासायचं. शिवणीत मात्र ते पांढरं होऊन अडकतं. तिथे मऊ ब्रशच हवा. चिकटपणा राहत नाही, धूळ बसत नाही, रंगही फारसा गडद झाला नाही. पण चामडं मऊ होईल या आशेनं घेऊ नका, ते मेणाचं कामच नाही. आमच्या होल्स्टरच्या झाकणाला घडीवर चीर आहे, ती तशीच आहे.

मऊपणासाठी नीट्सफूट तेल, म्हणजे गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेलं तेल, सुचवतात. मी मागच्या बाजूला थेंबभर लावून बघितलं, चामडं लगेच काळवंडलं. पुन्हा लावणार नाही. जास्त तेलानं जुनं चामडं लिबलिबीत होतं, आकार सोडतं.

पितळी बटणाभोवतीची हिरवी मळी सगळ्यात चिवट निघाली. चामड्यातली चरबी आणि तांबं यांच्या संयोगातून ती तयार होते, म्हणून तेल जितकं जास्त तितकी मळी जास्त. लाकडी टूथपिकनं हळूहळू खरवडली. पितळ चकचकीत करायचं पॉलिश तिथे अजिबात नको, ते चामड्यात उतरतं.

खरा फरक मात्र ठेवण्यानं पडला. पुण्यात एप्रिलच्या दुपारी हवा कोरडी ठाक, आणि जुलैत कपाटातलं ओलाव्याचं मीटर ८० च्या पुढे. चामड्याला साधारण ५० टक्के मानवतं. प्लॅस्टिकची पिशवी काढून टाकली, आत बिनआम्ल कागदाचा बोळा भरला, सुती कापडात सैल गुंडाळलं, शेजारी सिलिका जेल. यंदा बुरशीचा एक ठिपका नाही. कुणाकडे परवान्याचं शस्त्र असेल तर ते होल्स्टरमध्ये ठेवून देऊ नका. चामडं ओल धरतं आणि लोखंडाला गंज चढतो.

बोट फिरवल्यावर लालसर भुकटी हाताला लागत असेल तर हे मेण घेऊ नका. तो रेड रॉट, म्हणजे जुनं चामडं आतून कुजून त्याची भुकटी होणं. गेलेलं चामडं परत येत नाही, आणि ओलं फडकं लागलं तर काळं पडून कडक होतं. त्यासाठी आधी अल्कोहोलमधलं क्लुसेल जी (सेल्युलोजपासून केलेला चिकट पदार्थ) लावून भुकटी बांधून घ्यावी लागते, आणि तेही जाणकाराच्या हातून.