दुमडतं स्टूल: सात महिने, एक लांबलेली क्रूझ आणि तो लॉक

स्टूल कसलं ते सगळ्यांना माहीत आहे. थाळीएवढी चकती, वर ओढून फिरवली की स्टूल, दाबली की पुन्हा चकती. आईच्या गुडघ्यांसाठी 480 रुपयांना घेतलं.

पहिले तीन महिने मी पाचपैकी दोनच स्टार दिले असते. कारण तो लॉक. ‘टक्’ ऐकू आलं नाही तर माणूस बसल्या बसल्या चार बोटं खाली. एका साखरपुड्यात आमचे काका असेच गेले, हातातल्या मठ्ठ्यासकट.

मत बदललं डिसेंबरात. मुंबई-गोवा क्रूझ होती. पंचवटीनं सीएसएमटीला उतरतोय तोच मेसेज: बोर्डिंग दुपारी 1 ऐवजी संध्याकाळी 6 ला. ही म्हणाली, हॉटेलात खोली घेऊ. पाच तासांसाठी? बॅगा क्लोकरूममध्ये टाकल्या (कुलूप लावल्याशिवाय घेत नाहीत, ते बाहेर 60 रुपयांना घ्यावं लागलं, अजून खुपतंय), स्टूल खांद्याला अडकवलं आणि बॅलार्ड इस्टेट गाठलं.

शेजारची गोदी खणताना निघालेल्या मातीचा भराव घालून ही जागा तयार केली. इमारतींची आखणी जॉर्ज विटेटची, गेटवेवालाच. दर दोन इमारतींनंतर आई झाडाखाली स्टूल उघडायची आणि खिडक्या मोजायची. ‘ब्रिटानिया’बाहेर बेरी पुलावासाठी रांग, रांगेत बसलेली बाई एकच, आमची आई. मागच्या दोघांनी किंमत विचारली. पुढे एशियाटिक लायब्ररीच्या 30 पायऱ्या आम्ही चढलो, ती खाली स्टुलावर शेंगदाणे खात बसली. त्या दिवशी पाचपैकी पाच.

एक सांगतो, बोट लांबली म्हणून लांब फिरायला जाऊ नका. पावणेपाचला दुसरा मेसेज आला, बोर्डिंग साडेपाचला! बॅगा सोडवून टॅक्सीनं बंदराच्या ग्रीन गेटला पोचेपर्यंत घाम फुटला.

आणि तिथल्या रांगेत, खट्ट. आई सावरली, लॉकचा दात तुटला. कस्टमर केअरनं आधी फोटो मागितला, मग व्हिडिओ, मग ‘झीज वॉरंटीत बसत नाही’. सात महिन्यांत झीज? तीन आठवडे भांडलो. शेवटी कोपऱ्यावरच्या सुतारानं 20 रुपयांत चार स्क्रू मारून दिले.

आता स्टूल हलत नाही. दुमडतही नाही. आईनं त्यावर तुळस ठेवली आहे.