पिठलं की खिचडी? भाजी संपलीय, डबे भरलेत

घरात भाजी नाही पण डाळ तांदूळ बेसन सगळं आहे, अशा वेळी आपल्याकडे दोनच नावं निघतात, पिठलं नाहीतर मुगाची खिचडी.

वेळेचं बघाल तर पिठलं १५ मिनिटांत होतं, पण ते नुसतं खाता येत नाही ना, भाकरी थापा नाहीतर भात लावा, म्हणजे काम डबल. खिचडी एकाच कुकरात, १ वाटी तांदूळ, अर्धी वाटी मूगडाळ, ४ वाट्या गरम पाणी, ३ शिट्ट्या, बास! मऊ हवी असेल तर पाणी अजून १ वाटी. मूगडाळ भिजवावी लागत नाही हा मोठा फायदा, आणि भांडी पण कमी.

चवीत मात्र माझं मत पिठल्याला. मोहरी तडतडली की जिरं, हिंग, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची नसेल तर सुकी लाल, लसूण लालसर होऊ द्यायचा, मग हळद आणि १ वाटी बेसनाला अडीच ते तीन वाट्या पाणी. बेसन आधीच गार पाण्यात कालवून घ्या नाहीतर गुठळ्या फोडत बसाल. झाकण ठेवून वाफ नीट येऊ द्या, कच्चं राहिलं तर पिठूळ लागतं आणि काहींना पोटाला जड पण जातं.

आजारी माणूस, लहान मूल असेल तर प्रश्नच नाही, खिचडी, वर तूप, पापड भाजा. बाकी दिवशी ज्वारीचं पीठ घरात असेल आणि भाकरी करायचा कंटाळा नसेल तर पिठलंच करा, कच्चा कांदा फोडून घ्या सोबत.