अणू-रेणू जोडणी संच: आठ महिने वापरल्यानंतर

लेक नववीत असताना हा संच घेतला, आता ती दहावीत आहे. घ्यायचं कारण एक समीकरण. हायड्रोजन अधिक ऑक्सिजन, बाणापुढे पाणी. डावीकडे ऑक्सिजनचे अणू दोन आणि उजवीकडे एक, हे तिला बरोबर दिसलं होतं. मग तिने पाण्याच्या सूत्रात ओच्या पायाशी छोटा दोन लिहिला. ‘एच टू ओ टू. झाले की दोन्हीकडे सारखे, आई!’ मोजणी बरोबर होती, पदार्थ चुकला होता. सूत्राला हात लावायचा नाही, फक्त आधीचा आकडा बदलायचा, हे मी तिला कितीतरी वेळा सांगितलं होतं. ती ऐकायची आणि दोन दिवसांनी पुन्हा तेच करायची, कारण तो नियम तिच्या लेखी माझा होता, रसायनशास्त्राचा नव्हता.

संचात रंगीत प्लॅस्टिकचे गोळे, त्यांना भोकं, जोडायला आखूड काड्या आणि दुहेरी-तिहेरी बंधांसाठी लवचीक नळ्या. कार्बन काळा, हायड्रोजन पांढरा, ऑक्सिजन लाल, नायट्रोजन निळा, क्लोरीन हिरवा. हे रंग कंपनीने आपल्या मनाने ठरवलेले नाहीत. ऑगस्ट हॉफमन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८६५ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या व्याख्यानात क्रोके या खेळाच्या चेंडूंचे रेणू करून दाखवले, तेव्हापासून ते चालत आलेत. त्याचा मिथेन मात्र सपाट होता, चारही हायड्रोजन एकाच पातळीत. कार्बनचे बंध चौफलकाच्या (चार त्रिकोणी बाजूंच्या आकृतीच्या) टोकांकडे जातात हे व्हँट हॉफ आणि ल बेल यांनी १८७४ मध्ये मांडलं. संचातल्या कार्बनची भोकं तशीच पाडलेली आहेत, त्यामुळे १०९.५ अंशांचा कोन पाठ करावा लागला नाही.

पहिल्याच संध्याकाळी तिला म्हटलं, तुझा एच टू ओ टू करून दाखव. तिने दोन लाल गोळे एकमेकांना जोडले आणि दोन्ही टोकांना एकेक पांढरा लावला. शेजारी पाण्याचा रेणू ठेवला. बराच वेळ दोन्हींकडे बघून म्हणाली, ‘हे पाणी नाहीच.’ नाहीच. ते हायड्रोजन पेरॉक्साइड, जंतुनाशक म्हणून वापरतात ते. एक छोटा आकडा वाढवला की वेगळी वस्तू तयार होते, हे तिला वहीत दिसलं नव्हतं, ते टेबलावर दिसलं.

मग एकच नियम ठेवला. डावीकडे जे रेणू मांडले ते मोडायचे, त्याच गोळ्यांतून उजवीकडचे रेणू करायचे. एकही गोळा उरता कामा नये आणि डब्यातून नवा घ्यायचा नाही. एक ऑक्सिजन रेणू मोडला तर दोन लाल सुटतात, म्हणून पाण्याचे दोन रेणू होतात, म्हणून चार पांढरे लागतात, म्हणजे हायड्रोजनचे दोन रेणू. सहगुणक, म्हणजे सूत्राआधीचे आकडे, असे आपोआप निघाले. वस्तुमानाच्या अक्षय्यतेचा नियम वेगळा शिकवायची वेळच आली नाही.

मला सगळ्यात जास्त आवडलेला भाग याच्या पुढचा आहे, आणि सूचनापत्रकात तो नाही. समीकरण जुळल्यावर मुद्दाम बेहिशेबी साहित्य द्या. मी तिला हायड्रोजनचे सहा आणि ऑक्सिजनचे दोन रेणू दिले. पाण्याचे चार रेणू झाले आणि हायड्रोजनचे दोन तसेच पडून राहिले. ‘आता काय करू याचं?’ काही करायचं नाही, ऑक्सिजन संपला, अभिक्रिया थांबली. लगेच तेच ग्रॅममध्ये मांडलं: १२ ग्रॅम हायड्रोजन, ६४ ग्रॅम ऑक्सिजन, त्यातून ७२ ग्रॅम पाणी आणि ४ ग्रॅम हायड्रोजन शिल्लक. सहा रेणूंच्या जागी सहा मोल म्हटलं की झालं; मोल म्हणजे रेणूंचा एक ठरावीक मोठा गठ्ठा, हायड्रोजनचा २ ग्रॅमचा, ऑक्सिजनचा ३२ ग्रॅमचा. मोल या शब्दाची तिला वाटणारी धास्ती त्या दिवशी गेली.

घेण्याआधी लाल गोळे मोजा, ही माझी कळकळीची सूचना. बहुतेक मोठे संच कार्बनी रसायनशास्त्रासाठी केलेले असतात. त्यात काळे आणि पांढरे भरपूर, लाल मोजके. आमच्यात सहा आहेत. मिथेन जाळायला चार लागतात, तिथवर ठीक. प्रोपेन जाळायला दहा लागतात. ग्लुकोजच्या श्वसनाचं समीकरण मांडायचं तर अठरा. शाळेत ज्वलनाची इतकी समीकरणं येतात की ऑक्सिजन कमी असलेला संच अर्ध्या वाटेवर अडतो.

आता खरी तक्रार. ऊर्जेच्या बाबतीत हा संच दिशाभूल करतो. काडी खुपसताना जोर लावावा लागतो आणि वाकवलेली नळी उपटली की ती टणकन उडते. हाताला कळतं ते असं, की बंध जोडायला ऊर्जा लागते आणि तोडला की ऊर्जा सुटते. नेमकं उलटं आहे. दोनेक महिन्यांनी तिने उत्तरात तसंच लिहिलं तेव्हा माझ्या लक्षात आलं, आणि मला वाईट वाटलं, कारण ही चूक आमच्या टेबलावरच रुजली होती. उपाय म्हणून दोन लहान चुंबकं घेतली. जवळ आणली की खट्कन चिकटतात, आवाज होतो, ती ऊर्जा बाहेर पडली. सोडवायला मात्र जोर आपणच लावायचा. मग आकडे मांडले. हायड्रोजनचा बंध तोडायला मोलमागे ४३६ किलोज्यूल, ऑक्सिजनचा दुहेरी बंध ४९८. दोन हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन मिळून १३७० खर्च. पाण्याच्या दोन रेणूंत ऑक्सिजन-हायड्रोजन बंध चार, प्रत्येकी सुमारे ४६३, म्हणजे १८५२ जमा. फरक ४८२ किलोज्यूल, तो उष्णता म्हणून बाहेर. ऊष्मादायी म्हणजे काय, हे या वजाबाकीने जसं कळलं तसं व्याख्येने कळलं नव्हतं. नायट्रोजनच्या बाबतीत संच योगायोगाने खरं बोलतो: तीन नळ्या एकदम उपटताना दमछाक होते, आणि तो तिहेरी बंध खरोखरच ९४५ किलोज्यूलचा आहे.

आयनांसाठी, म्हणजे विद्युतभार असलेल्या अणूंसाठी किंवा अणुगटांसाठी, संच वापरू नका. आमच्यात सोडियमचा करडा गोळा आहे, त्याला एक भोक, आणि हिरव्या क्लोरीनला काडीने जोडून ‘मिठाचा रेणू’ होतो. असा रेणू मिठाच्या स्फटिकात नसतोच. तिथे प्रत्येक सोडियम आयनाभोवती सहा क्लोराइड असतात आणि प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडियम. पाण्यात मीठ विरघळलं की सगळे सुटे फिरतात. जस्त आणि कॉपर सल्फेटची अभिक्रिया तिने शाळेच्या प्रयोगशाळेत पाहिली होती, निळा रंग फिका होत गेला आणि जस्तावर तांबूस थर चढला. ती समजावताना मी गोळे बाजूला ठेवले आणि बाटल्यांची झाकणं घेतली, पेनाने त्यांवर दोन अधिक, दोन उणे लिहिलं. सल्फेटचं झाकण सुरुवातीपासून शेवटपर्यंत जागचं हललं नाही. दोन इलेक्ट्रॉन तेवढे जस्ताकडून तांब्याकडे गेले. विस्थापन, ऑक्सिडीकरण (इलेक्ट्रॉन जाणं) आणि क्षपण (इलेक्ट्रॉन मिळणं) एकाच मांडणीत झालं.

टिकाऊपणाचं म्हणाल तर पांढऱ्या गोळ्यांची भोकं सैल झालीत, दोन नळ्या चिरल्यात. बाकी ठीक.

गेल्या आठवड्यात तिने विचारलं, ‘मिथेन जळताना खरंच आपण मोडतो तसे सगळे अणू आधी सुटे होतात का?’ नाही. ज्वलन कितीतरी पायऱ्यांनी होतं, मधे फॉर्माल्डिहाइड येतं, कार्बन मोनॉक्साइड येतं. फॉर्माल्डिहाइड तिने पटकन केलं. कार्बन मोनॉक्साइड करताना दोन नळ्यांनी लाल गोळा जोडला, तरी काळ्याची दोन भोकं रिकामीच राहिली. ‘हा मग अर्धवट रेणू आहे का?’ तिला सांगितलं, त्यातला बंध नायट्रोजनच्या तिहेरी बंधापेक्षाही मजबूत आहे, भोकांच्या हिशेबात तो बसत नाही. तिला ते पटलेलं नाही. दोन रिकाम्या भोकांचा तो रेणू तिने टेबलावर तसाच ठेवलाय आणि मला मोडू देत नाही.