चकचकीत जुन्या डिस्क घेतल्या, 170 डॉलर 40 सेंट बुडाले

अमेरिकेत शार्लट, रॉक हिलकडे डिस्क गोल्फ (फ्रिसबीसारखी चकती टोपलीत फेकायचा खेळ) खेळणाऱ्या आपल्या मराठी मंडळींसाठी लिहितोय. सांगायला लाज वाटते, पण गप्प बसलो तर जुन्या डिस्क विकणारा हाच माणूस उद्या तुम्हाला गाठेल.

त्याची ऑनलाइन जाहिरात होती: वापरलेल्या 14 डिस्क, 154 डॉलर, वर टपालखर्च 16.40. 'स्वच्छ केलेल्या, शाई काढलेली, वाक सरळ केलेला.' प्रीमियम प्लास्टिकची नवी डिस्क वीस डॉलरच्या आसपास पडते, त्यामुळे जुनीला अकरा हा भाव कुणालाही रास्तच वाटेल. त्याच्याबद्दलचे अभिप्रायही चांगले होते.

मी खालच्या बाजूचा फोटो मागितला. उत्तर आलं, 'खाली काय बघायचंय? शाई सगळी साफ आहे.' आणि वरूनच काढलेला आणखी एक फोटो. तिथेच, त्याच क्षणी थांबायला हवं होतं! हरवली तर परत मिळावी म्हणून मालकाने लिहिलेलं नाव, नंबर, शिवाय तडा, सगळं खालीच तर असतं. पण ॲसिटोनने जुनं नाव पुसणं इथे सर्रास चालतं, मग संशय यावा कशावरून?

पार्सल आल्यावर कोमट पाण्यात भांड्यांचा साबण घालून डिस्क धुतल्या (एवढंच पुरतं, फार तर जुना मऊ ब्रश). चकाकी तेलकट होऊन हाताला आली. खाली पॉलिशपेपरचे ओरखडे. 175 ग्रॅम लिहिलेली डिस्क काट्यावर 171 भरली. एका ड्रायव्हरच्या (लांब फेकायच्या डिस्कच्या) रिमपाशी, म्हणजे कडेपाशी, केसाएवढा तडा, गोंदाने बुजवून वरून रंगवलेला. पीडीजीए या डिस्क गोल्फच्या संघटनेच्या नियमाने तडा गेलेली डिस्क स्पर्धेत चालत नाही, प्रमाणाबाहेर घासलेलीही नाही. एका पटरच्या (जवळून टोपलीत टाकायच्या डिस्कच्या) आत, तिरप्या उजेडात, पुसलेला फोन नंबर अजून वाचता येत होता. लावला. त्या गृहस्थांची डिस्क तळ्यात गेली होती, ती त्यांना परत दिली. मार्कर प्लास्टिकमध्ये मुरतो, पुसला तरी खूण राहते. विकत घेताना तीच शोधा.

पैसे 'मित्र-नातेवाईक' प्रकारात, म्हणजे खरेदीदाराला संरक्षण नसलेल्या पद्धतीने, पाठवायला लावले होते. असं कुणी म्हणालं तर व्यवहार तिथेच तोडा.

बँक म्हणते, पैसे तुम्हीच पाठवलेत. मग ग्राहक-संरक्षणाच्या गप्पा कशाला मारता? पोलिसांनी 'हा दिवाणी मामला' म्हणून वाटेला लावलं. खिडकीवरच्या बाईंनी 'एका फ्रिसबीसाठी?' असं विचारलं. एक नाही, चौदा, आणि त्यातली एक दुसऱ्याची! ऑनलाइन तक्रारीला क्रमांक मिळाला, उत्तर नाही. जाहिरातीच्या साइटने तर 'आमचा संबंध फक्त जाहिरातीपुरता' असं कळवलं. रक्कम लहान म्हणून कुणी हात लावत नाही, आणि हे त्या माणसाला पक्कं ठाऊक आहे.

रिम दुमडून दाखवणारा व्हिडिओ मागा, तडा असेल तर उघडतो. काट्यावरचं वजन मागा. शाई स्वतः काढायची तर आधी कडेला थेंबभर ॲसिटोन लावून बघा. उन्हाळ्यात डिस्क गाडीत ठेवू नका, वाकतात. गरम पाण्यात बुडवून सपाट जागी दाबून ठेवल्या की बऱ्याचदा घरीच सरळ होतात, त्यासाठी कुणाला पैसे मोजायची गरज नाही.

त्याची जाहिरात आजही चालू आहे. फोटो सगळे वरूनच काढलेले.