मुंबई ते मुरगाव क्रूझ: दोन लहान मुले, एक आजी आणि चुकीची केबिन

गोव्याला जाण्यासाठी बेळगावच्या माणसाने आधी मुंबई गाठावी, हे ऐकून शहापुरातील आमच्या गल्लीत बरेच जण हसले. चोर्ला घाटाने सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला पणजीत असतो. तरीही गेल्या फेब्रुवारीत आम्ही हुबळी–दादर एक्स्प्रेसने मुंबईला गेलो आणि तेथून दोन रात्रींच्या क्रूझने मुरगाव बंदरात उतरलो. बरोबर साडेचार वर्षांची मुलगी, चौदा महिन्यांचा मुलगा आणि माझ्या सासूबाई होत्या. सासूबाईंचे वडील एके काळी वेंगुर्ल्याहून आगबोटीने मुंबईला जात असत आणि डेकवर वळकटी पसरून रात्र काढत असत. रेल्वे येण्यापूर्वी तर बेळगावच्या छावणीचा मालसुद्धा वेंगुर्ल्याला उतरून आंबोलीच्या घाटाने वर येत असे. त्यामुळे घरात या प्रवासाचा खरा उत्साह कोणाला असेल, तर तो त्यांनाच होता.

जहाजाचे आणि कंपनीचे नाव मी देत नाही, कारण माझ्या बहुतेक तक्रारी आमच्या अपुऱ्या तयारीविषयी आणि तिकीट काढून देणाऱ्या एजंटविषयी आहेत. लहान मुलांसह क्रूझ सुखाची होणार की नाही, याचा बराचसा निकाल तिकीट काढतानाच लागलेला असतो, असे माझे आता मत झाले आहे.

एजंटने आम्हाला वरच्या मजल्यावरील, जहाजाच्या अगदी पुढच्या टोकाकडची केबिन दिली आणि "येथून समुद्र फार छान दिसतो" असे सांगितले. समुद्र छान दिसला, हे खरे आहे. परंतु बागेतील सी-सॉच्या मध्यावर बसलेले मूल जागचे फारसे हलत नाही आणि टोकावरचे मात्र वरखाली होत राहते, तोच हिशेब जहाजालाही लागू पडतो. आडवे डोलणे कमी करण्यासाठी मोठ्या जहाजांना पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात. पुढचे टोक लाटेबरोबर उचलले जाऊन खाली आपटते, त्यावर मात्र त्यांचा फारसा इलाज चालत नाही. पहिल्या रात्री दोनच्या सुमारास नेमके हेच सुरू झाले. कपाटातील रिकामे हँगर एकमेकांवर टिकटिक आपटत होते, मी उठून ते एकेक काढून गादीखाली ठेवले, आणि शेवटचा हँगर हातात असतानाच मुलगी उठून बसली व तिला उलटी झाली. लहान मुले बरोबर असतील तर केबिन जहाजाच्या मध्यभागी आणि शक्य तितक्या खालच्या मजल्यावर मागावी. तिचे भाडेही बहुधा कमी असते. डोक्यावर नाचगाण्याचा हॉल किंवा जेवणाचे सभागृह येत नाही ना, हे एजंटला डेकचा नकाशा उघडायला लावून पाहावे. आम्ही नकाशा मागितलाच नाही.

धाकट्याला त्या रात्री काहीही झाले नाही. दोन वर्षांखालील बाळांना बोट सहसा लागत नाही. हा त्रास सर्वांत जास्त होतो तो दोन ते बारा वर्षांच्या मुलांना. आपल्याकडच्या पालकांसाठी याची एक सोपी परीक्षा आहे. ज्या मुलासाठी चोर्ला किंवा आंबोली घाटात दोनदा गाडी थांबवावी लागते, त्याच्यासाठी निघण्यापूर्वीच बालरोगतज्ज्ञांना भेटून औषध आणि त्याचे प्रमाण लिहून घ्यावे. घरात मोठ्यांसाठी असलेली उलटीची गोळी अर्धी करून देण्याची आपल्याकडे जी सवय आहे, ती येथे सोडावी, कारण प्रोमेथाझिनसारखे औषध दोन वर्षांखालील मुलांना देऊच नये असे आहे. शिवाय ही औषधे त्रास सुरू होण्यापूर्वी घेतली तरच नीट लागू पडतात. आमच्या मुलीला दुसऱ्या दिवशी कोरडा टोस्ट, आलेपाकाची वडी आणि उघड्या डेकवर बसून दूर क्षितिजाकडे पाहणे, एवढ्यावर बरे वाटले.

कागदपत्रांची गोष्ट सीमाभागातील लोकांनी विशेष लक्षात घ्यावी. आपल्याकडे मुलाच्या जन्मदाखल्यावर केवळ नाव असते, आधारवर नावापुढे वडिलांच्या नावाचे आद्याक्षर असते आणि तिकिटावर एजंट महाराष्ट्राच्या पद्धतीने नाव, वडिलांचे नाव व आडनाव लिहून मोकळा होतो. बंदरावर तीन कागदांवर तीन नावे निघाली आणि कन्नड व इंग्रजीतील दाखल्यावरून मूल आमचेच आहे हे समजावून सांगण्यात पाऊण तास गेला. तिकिटावरील नाव ओळखपत्रावरील नावाशी अक्षरशः जुळवून घ्यावे. लहान बाळाचे भाडे नाममात्र असले तरी जीवरक्षक नौकेतील जागेच्या हिशेबात तेही एक पूर्ण माणूस धरले जाते, म्हणून त्याचे नाव आयत्या वेळी घालता येत नाही. बहुतेक कंपन्या सहा महिन्यांखालील बाळाला घेत नाहीत, लांबच्या समुद्रप्रवासाला ही अट बारा महिन्यांची असते, आणि गर्भारपणाचे २४ आठवडे उलटले असतील तर आईलाही प्रवेश मिळत नाही.

मोठ्या बॅगा बंदरावरच ताब्यात घेतात आणि त्या केबिनपर्यंत यायला कित्येक तास लागतात. आमच्या सासूबाईंनी स्वतःच्या पिशवीत दोन लंगोट, एक झबले आणि दुधाची बाटली ठेवली होती म्हणून आमची लाज राहिली. डायपरचे सगळे पुडके मात्र आम्ही मोठ्या बॅगेत भरले होते.

जहाज सुटण्यापूर्वी सर्व प्रवाशांना सुरक्षेची कवायत करावी लागते. धोक्याचा इशारा म्हणजे सात छोटे भोंगे आणि त्यानंतर एक लांब भोंगा. आवाज एवढा मोठा असतो की शेजारच्या कुटुंबातील मूल रडून लालबुंद झाले. आमच्या मुलीला आदल्या दिवशी दादरच्या लॉजवर भोंगे मोजायचे काम सांगून ठेवले होते, त्यामुळे ती बोटे दुमडत मोजत राहिली आणि आठवा लांब भोंगा झाल्यावर "संपले" असे सर्वांना सांगून मोकळी झाली. या वेळी कर्मचाऱ्यांना बाळाचे लाइफ जॅकेट अवश्य मागावे. केबिनमध्ये ठेवलेली जॅकेटे मोठ्यांच्या मापाची असतात. २४ तासांहून अधिक लांबीच्या प्रवासात जहाजावर जितकी तान्ही मुले असतील तितकी त्यांच्या मापाची जॅकेटे असलीच पाहिजेत, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. आम्हाला ते मागितल्यावर दहा मिनिटांत मिळाले.

केबिन म्हणजे एक नीटनेटकी डबी असते, आणि तिच्यात आपल्या घरातील बाळाच्या संगोपनाला लागणाऱ्या साध्यासुध्या गोष्टी नसतात. न्हाणीघरात बादली नाही, तांब्या नाही, केवळ शॉवर आहे, आणि चौदा महिन्यांच्या मुलाच्या डोक्यावर शॉवर धरला की काय होते ते सांगायला नको. घडी होणारी रबरी बादली आणि प्लॅस्टिकचा मग न्यावा, एवढ्यावर हा प्रश्न सुटतो. संडासाचे पाणी हवेच्या दाबाने ओढले जाते, त्याचा अचानक होणारा फस्स आवाज ऐकून मुलगी दिवसभर तेथे जायला तयार नव्हती. शेवटी झाकण लावून, तिला दाराबाहेर उभे करून मी बटण दाबायचे, असा तह झाला. सासूबाईंना नातवासाठी लुगड्याची झोळी बांधायची होती, पण तिच्यासाठी कडी नव्हती आणि परवानगीही मिळाली नसती. पाळणा जहाजावर मिळतो, मात्र त्याची मागणी तिकिटाबरोबरच नोंदवावी लागते, कारण त्यांची संख्या मोजकी असते. एक गंमत मात्र कामाची आहे. केबिनच्या भिंती पत्र्याच्या असतात आणि त्यांना लोहचुंबक चिकटतो. खडेबाजारात मिळणारे चुंबकाचे चार हुक नेले तर ओली झबली, टोप्या आणि पिशव्या भिंतीवर टांगता येतात, आणि जमीन रांगण्यासाठी मोकळी राहते.

दारे जड असतात व वाऱ्याने धाडकन मिटतात, तेव्हा मुलांच्या बोटांकडे लक्ष ठेवावे. बाल्कनीची केबिन घेतलीच, तर तेथील खुर्ची पहिल्याच तासात आत आणून ठेवावी आणि दाराची वरची कडी कायम लावलेली असावी. चढण्याच्या वयातील मुलासाठी कठड्यालगतची खुर्ची म्हणजे शिडीच होय. मला स्वतःला बाल्कनीचे ते जादा पैसे वाया गेले असे वाटले, कारण मुले झोपेपर्यंत आम्ही ते दार उघडलेच नाही.

जेवणाविषयी मात्र चांगलेच लिहावे लागेल. शाकाहारी पदार्थ भरपूर होते, वरण-भात आणि दही रोज असे, आणि भाकरीचा हट्ट सोडला तर सासूबाईंचीही तक्रार नव्हती. अडचण होती ती वेळेची. रात्रीचे जेवण आमच्या मुलांच्या झोपेच्या वेळी सुरू होई आणि नाटक-जादूचे मुख्य कार्यक्रम त्यानंतर असत. दोन सत्रांपैकी जेवणाचे पहिले सत्र आधीच मागून घ्यावे. आम्हाला दुसरे मिळाले आणि पहिल्या रात्री मुलगी सूप येण्यापूर्वीच टेबलावर झोपली. दुसऱ्या दिवसापासून आम्ही सायंकाळी साडेसहालाच बुफेमधून मुलांचे ताट वाढून घेऊ लागलो. विजेची किटली व छोटा कुकर जहाजावर नेऊ देत नाहीत, ती आमची किटली बंदरावरच ठेवून घेतली गेली. बाहेरचे खाद्यपदार्थही सहसा चालत नाहीत, परंतु बाळाच्या अन्नाला सूट असते, आणि तेथेही बंद पाकिटाला जो मान आहे तो घरच्या डब्याला नाही. आमच्या नाचणीच्या सत्त्वाचा डबा उघडून, वास घेऊन, दोघा-तिघांना दाखवून मग आत सोडण्यात आला. नंतर चहाच्या काउंटरवरील एका गोवेकर कर्मचाऱ्याला सासूबाईंनी ते काय आहे ते सांगितले, तेव्हापासून तो रोज सकाळी न मागता थर्मासमध्ये उकळते पाणी भरून देत असे.

मुलांच्या खेळघराची जाहिरात मोठी असते, पण तेथे साधारणपणे तीन वर्षांवरील आणि डायपर सुटलेल्या मुलांनाच एकटे ठेवता येते. मुलीने तेथे कागदाचे जहाज केले, दोन मैत्रिणी मिळवल्या, आणि बाहेर पडायला नकार दिला. धाकट्याला घेऊन मात्र आम्ही पाळीपाळीने मार्गिकेत फेऱ्या मारल्या. डायपर घातलेल्या मुलाला पोहण्याच्या तलावात उतरू देत नाहीत, पोहण्याचा खास डायपर असला तरीही. हा नियम आरोग्यासाठी आहे आणि त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. जेवणाच्या दाराशी ठेवलेल्या सॅनिटायझरवर विसंबू नये, एवढे मी सुचवीन. बंद जागेत जुलाब-उलट्यांची साथ पसरवणाऱ्या नोरोव्हायरसवर त्याचा फारसा परिणाम होत नाही, साबण आणि वाहते पाणीच लागते. जहाजावर डॉक्टर असतात, त्यांची फी मात्र वेगळी द्यावी लागते.

किनारा दूर गेला की मोबाइलचे नेटवर्क जाते. फोन विमानातल्यासारखा फ्लाइट मोडवर ठेवावा, नाहीतर तो जहाजाच्या महागड्या नेटवर्कला आपोआप जोडला जाऊन घरी आल्यावर भलते बिल येते. मुलांच्या गोष्टी आणि गाणी आधीच उतरवून घ्यावीत. जाहिरातीतील भाड्यात बंदरशुल्क, कर आणि सेवाशुल्क धरले आहे का, हेही एजंटकडून लेखी घ्यावे. आमच्या बाबतीत ते धरलेले नव्हते.

परतीचा भाग मात्र बेळगावकरांसाठी अगदी सोयीचा आहे, आणि म्हणूनच मुंबईला परत जाणाऱ्या फेरीपेक्षा मुरगावला संपणारी एकेरी फेरी घ्यावी, असे मी म्हणेन. जहाज सकाळी लागले, वास्को स्थानक तेथून जवळच, आणि दुपारची गोवा एक्स्प्रेस दूधसागर, कॅसलरॉक, लोंढा करीत थेट बेळगावला आणून सोडते. जाताना मात्र आम्ही केले तेच करावे: एक दिवस आधी मुंबईत पोहोचून मुलांची झोप पूर्ण करून घ्यावी. रात्रभराच्या प्रवासानंतर त्याच दिवशी जहाजावर चढलेली दोन कुटुंबे आम्ही पाहिली, आणि त्यांच्या मुलांनी सगळी संध्याकाळ रडण्यात घालवली.

साडेचार वर्षांच्या मुलीसाठी पैसे वसूल झाले, चौदा महिन्यांच्या मुलासाठी झाले नाहीत. आजी बरोबर नसत्या तर आम्हा दोघांना एकत्र बसून चहाही मिळाला नसता. पुढच्या खेपेस धाकटा चार वर्षांचा झाल्यावर, नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच, खालच्या मजल्यावर मध्यभागी, मधले दार उघडणाऱ्या दोन लगतच्या केबिन घेण्याचे ठरले आहे. त्यांपैकी खिडकीची केबिन आपली, असे सासूबाईंनी आताच सांगून ठेवले आहे.