पात्यांची तपासणी: फोटो छान, पण काम केलं कानाने

साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावर आमच्याकडे जुन्या पवनचक्क्या आहेत. पावसाळ्याचा वारा ओसरला की पाती तपासून घ्यायची, हा दरवर्षीचा नेम. यंदा बाहेरच्या एका कंपनीला काम दिलं.

ड्रोनचे फोटो अप्रतिम. टोकाजवळ वीज झेलायला बसवलेल्या धातूच्या चकतीभोवतीचा काळा डाग, पाऊस-धुळीने खरवडलेली पुढची कड, सगळं स्वच्छ दिसलं. पण ड्रोनला दिसते ती वरची कातडी. पातं म्हणजे काचतंतू आणि रेझिनची दोन कवचं एकमेकांना चिकटवलेली. आतून जोड सुटायला लागला तर बाहेर केसाएवढी रेघही दिसत नाही.

खरं काम केलं दोरावरून उतरलेल्या पोराने. मागच्या कडेवर छोट्या हातोडीने ठोकत तो खाली येत होता, मडकं पारखावं तसा. वॉकीटॉकीवर आम्हाला ऐकू येत होतं: टक, टक, टक… आणि एकदम भद्द! तो थांबला, वर-खाली पुन्हा वाजवून पाहिलं, मार्करने हद्द आखली. हातभर जोड सुटला होता. पुढच्या जूनमध्ये तो उसवत गेला असता, या विचाराने माझ्या पोटात गोळा आला.

तक्रार अहवालाची. तीन आठवडे उशिरा आला, आणि दुसऱ्या पात्यावरचा तडा मुळापासून किती अंतरावर आहे तेच लिहिलं नव्हतं. दुरुस्तीवाल्यांचा अर्धा दिवस शोधण्यात गेला.

पुढच्या वर्षी यांनाच बोलावणार. अंतर मीटरमध्ये देण्याची अट मात्र ऑर्डरमध्येच घालणार.