एलिझाबेथ लाइन: लंडनच्या पोटातून आरपार

लंडनमध्ये व्हीलचेअरवरच्या माणसाला घेऊन फिरायचं असेल, तर रेल्वेच्या नकाशात आधी जांभळी रेघ शोधा, म्हणजे एलिझाबेथ लाइन. बाबांना बाहेर काढायचं म्हटलं की मी तेच करते. या लाइनच्या सगळ्या, म्हणजे ४१ स्टेशनांत रस्त्यापासून फलाटापर्यंत पायरी टाळून जाता येतं. पॅडिंग्टन ते वूलिच या पट्ट्यात तर फलाट आणि डबा एकाच पातळीत आहेत, खुर्ची सरळ आत जाते. लिव्हरपूल स्ट्रीटला तिरकी लिफ्टही आहे, सरकत्या जिन्याच्याच उतारावरून वरखाली करणारी. बाबांना ती इतकी आवडली की एकदा कारण नसताना वर जाऊन आलो.

पण ही लाइन मला आवडते ती तिने एक जुनं दुखणं बरं केलं म्हणून. १८४६ साली एका शाही आयोगाने रेल्वेला शहराच्या मध्यभागी शिरू देऊ नका, असा सल्ला दिला होता. मोठी टर्मिनस त्यामुळे कडेकडेनेच राहिली. पश्चिमेची गाडी पॅडिंग्टनला संपायची, पूर्वेची लिव्हरपूल स्ट्रीटला, आणि मधलं अंतर सामान-पोरं घेऊन ट्यूबच्या, म्हणजे भुयारी रेल्वेच्या, गर्दीत कापायचं. आता रेडिंग आणि हीथ्रोकडची उपनगरं शेनफील्ड आणि अ‍ॅबी वुडकडच्या उपनगरांशी थेट जोडली गेली. दोन्हीकडचे रूळ बहुतेक जुनेच. नवा आहे तो मधला २१ किलोमीटरचा जोडबोगदा. शहर नव्याने घडवायचं तर असंच, आहे त्याला सांधून. मला हे मनापासून पटतं.

किंमत मात्र जबर मोजली. डिसेंबर २०१८ ला सुरू व्हायची लाइन २४ मे २०२२ ला सुरू झाली, खर्च सुमारे १९ अब्ज पौंडांवर गेला. टॉटनहॅम कोर्ट रोडच्या स्टेशनासाठी अ‍ॅस्टोरिया हे गाण्याच्या मैफलींचं लाडकं थिएटर पाडलं. उलट बोगद्यांतली ३० लाख टनांहून जास्त माती एसेक्सच्या किनाऱ्यावरच्या वॉलसी बेटावर पक्ष्यांसाठी पाणथळ जागा उभी करायला वापरली. पैशांचा काही भाग लंडनच्या मोठ्या व्यावसायिक मालमत्तांवर जादा कर लावून उभा केला, हे मला योग्य वाटतं. स्टेशन आलं की जागेचा भाव चढतो, मग त्यातला वाटा रेल्वेला का नको? वूलिचचं स्टेशन तर मूळ आराखड्यात नव्हतंच. तिथल्या जुन्या शस्त्रागाराच्या जागेवर घरं बांधणाऱ्या बिल्डरनेच स्टेशनाचा जमिनीखालचा सांगाडा बांधून द्यायचं कबूल केलं, तेव्हा ते मार्गी लागलं.

गाडीबद्दल थोडक्यात: नऊ डबे, २०० मीटरहून लांब, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आतून चालत जाता येतं, एसी चांगला. मोठी उणीव एकच, गाडीत स्वच्छतागृह नाही. रेडिंगहून मध्य लंडन म्हणजे तासाभराचा प्रवास, म्हाताऱ्या माणसांच्या दृष्टीने हा निर्णय चुकलाच.

उपनगरातल्या बऱ्याच स्टेशनांवर डब्यात चढता-उतरताना अजून रॅम्प लागतो. बसण्याआधीच कर्मचाऱ्यांना कुठे उतरायचं ते सांगून ठेवा, म्हणजे तिकडचा माणूस रॅम्प घेऊन फलाटावर येतो.